मॉलीचं पाणी

अब्बांनी चार काळ्या मॉली घरी आणल्या तेव्हा मी सातवीत होतो. आम्ही कुर्ल्यात राहत होतो. दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘ही जात दणकट. कुठल्याही पाण्यात जगते.’ काचेची टाकी धुतली, नळाचं पाणी भरलं आणि त्याच रात्री मासे सोडले. चार-पाच दिवसांत त्या एका जागी थरथरू लागल्या. पुढं सरकायच्या नाहीत, नुसतं अंग हलवायच्या. दहाव्या दिवशी चौथीही गेली. धाकटी बहीण चोरून पाव कुस्करून टाकायची, त्यामुळं सगळा दोष तिच्यावर आला. ‘हिच्या हाताला मासे लाभत नाहीत’ हे वाक्य आमच्या घरात पुढं वीस वर्षं टिकलं.

त्याच सुट्टीत आम्ही अंबाजोगाईला नानीकडं गेलो. मामूंच्या अंगणात सिमेंटचा हौद होता. त्यात बोअरचं पाणी, काठाला शेवाळं आणि आत काळ्या मॉलींची पिलावळ. कुणी पाणी बदलत नव्हतं, विकतचं खाद्य नव्हतं. मासा तोच, पण इथं मजेत जगत होता. असं का, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. त्याचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी या माशाच्या इतिहासात सापडलं.

मॉली हे नाव ऐकून एखाद्या इंग्रज मुलीचं वाटतं. प्रत्यक्षात ते एका फ्रेंच मंत्र्याचं आहे. १८२१ साली फिलाडेल्फियात राहणाऱ्या शार्ल लेस्यूर या फ्रेंच निसर्गअभ्यासकानं न्यू ऑर्लिन्स परिसरातल्या तळ्यांमधल्या एका माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं. पाठीवरचा पर शिडासारखा उभारणारा हा मासा. लेस्यूरनं त्याच्या कुळाला फ्रांस्वा निकोला मोलियां यांचं नाव दिलं. हे मोलियां नेपोलियनचे तिजोरी खात्याचे मंत्री होते. मासा अमेरिकेच्या दलदलीतला, नाव पॅरिसच्या खजिनदाराचं! १९६३ साली रोझेन आणि बेली या संशोधकांनी हे कुळ मोडून ‘पोसिलिया’ या जुन्या कुळात मिसळलं. शास्त्राच्या यादीतून मोलियां गेले. जगभरच्या बाजारात मात्र ते आजही जोडीच्या भावानं विकले जातात.

नाव असं लांबून आलं आणि माशाचं मूळ गाव मागं पडलं. ते गाव म्हणजे अमेरिकेचा दक्षिण किनारा, मेक्सिकोचं आखात आणि मेक्सिकोच्या नद्या. शिडाच्या पराची मॉली किनाऱ्यालगतच्या खाजणांत, खाड्यांत राहते. गोड पाण्यात जगते, मचूळ पाण्यात रमते आणि सवयीनं समुद्राचं खारं पाणीही सोसते. तिची थोरली बहीण शोभेल अशी एक जात युकातान द्वीपकल्पात आहे. तिथली जमीनच चुनखडीची, म्हणजे पाणी जड.

मेक्सिकोच्या ताबास्को प्रांतात तर मॉली गंधकाच्या पाण्यात राहते. तापिहुलापा गावाजवळच्या एका गुहेत गंधकयुक्त झरे आहेत. तिथं सोके या मूलनिवासी समाजात पिढ्यान्‌पिढ्या एक विधी चालत आला. पावसासाठी देवाला साकडं घालायचं आणि बार्बास्को नावाच्या विषारी मुळीचा लगदा चुन्यात कालवून पाण्यात सोडायचा. गुंगी येऊन वर तरंगणारे मासे देवाची देणगी म्हणून गोळा करायचे. २०१० साली संशोधकांनी या गुहेतले मासे तपासले. जिथं विधी होत असे तिथल्या मॉली ते विष इतर ठिकाणच्या मॉलींपेक्षा जास्त वेळ सोसतात, असं दिसलं. माणसाच्या एका रिवाजानं माशाच्या पिढ्या घडवल्या होत्या.

टेक्सास-मेक्सिको सीमेवरच्या मॉलीनं शास्त्रज्ञांनाही चकवलं. १९३२ साली कार्ल हब्ज आणि त्यांची पत्नी लॉरा यांनी दाखवून दिलं की, तिथली एक जात फक्त माद्यांची आहे. त्या शेजारच्या जातीच्या नराशी जुगतात, पण पिल्लांत बापाचा अंश सहसा उतरत नाही. लेक हुबेहूब आईसारखी होते. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत असा प्रकार पहिल्यांदाच नोंदला गेला.

मासे पाळायची हौस आपल्याकडेही जुनी आहे. सतराव्या शतकात काश्मीर पाहिलेल्या फ्रेंच प्रवासी बर्नियेनं शाही बागेतल्या तलावाबद्दल लिहिलं आहे. तिथल्या मोठ्या माशांना नूरजहाँनं सोन्याच्या कड्या घातल्याचं तो सांगतो. पण तो वाहता तलाव होता. काचेची टाकी ही एकोणिसाव्या शतकातल्या लंडनची देणगी. १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरचा कर उठला. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी कसं निरोगी राहतं ते मांडलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं पुस्तक आलं. दिवाणखान्यांत टाक्यांची लाटच आली. वॉरिंग्टन यांचा धडा मात्र बहुतेकांनी अर्धाच घेतला. टाकी घेतली, तोल विसरले.

आपली काळी मॉली या हौसेचीच लेक. रानातल्या मॉलीच्या अंगावर कधीमधी काळे ठिपके असतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अमेरिकेतल्या मासेपाळांनी जास्त ठिपक्यांच्या जोड्या निवडून पिढ्या वाढवल्या आणि कोळशासारखी मॉली तयार केली. मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं. काचेपलीकडचे मासे बघायला आमच्या आधीच्या पिढ्याही तिथंच जायच्या आणि घरी येऊन टाकीसाठी हट्ट धरायच्या.

आता कुर्ल्याच्या टाकीकडं वळू. मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा यांचं पाणी येतं. सह्याद्रीवर पडलेला हा पाऊस. पिण्याला गोड, पण त्यात क्षार कमी. खाडीत आणि चुनखडीत वाढलेल्या वंशाला असं हलकं पाणी सोसत नाही. ते एका जागी थरथरणं त्याचीच खूण. शिवाय नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून अमोनिया साठतो. तो पचवणारे जिवाणू तयार व्हायला काही आठवडे लागतात. आम्ही टाकीला एक दिवससुद्धा दिला नव्हता. नळाच्या पाण्यातला क्लोरीन वेगळाच.

उलट मराठवाड्यातलं बोअरचं पाणी जड. हंड्यावर पांढरा थर बसतो, डाळ शिजत नाही, म्हणून नानी त्याला रोज शिव्या घालायची. मॉलीसाठी मात्र ते माहेरचं पाणी होतं. जुन्या हौदात जिवाणू मुरलेले, खायला शेवाळं आणि डासांच्या अळ्या. आम्ही ज्याला खराब पाणी म्हणत होतो, त्यातच तिचा वंश वाढला.

म्हणून मॉली पाळायचीच असेल तर चार गोष्टी कराव्यात. मोठी टाकी घ्यावी आणि पाणी मुरू द्यावं. पाणी हलकं असेल तर तळाशी शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीचे खडे टाकावेत. दर आठवड्याला थोडंच पाणी बदलावं. पिल्लं जास्त झाली तर ती ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नयेत. १९०५ साली डासांच्या बंदोबस्तासाठी टेक्साससहून हवाई बेटांवर मॉली नेल्या होत्या. त्या तिथं कायमच्या ठाण मांडून बसल्या.

हे सगळं वाचल्यावर मी बहिणीला फोन केला. ती आता दोन मुलांची आई आहे. पाव टाकण्यानं पाणी बिघडलं असेल, हे खोटं नाही. पण मॉली मेल्या त्या आम्ही निवडलेल्या पाण्यानं, आणि पाणी भरणारे हात अब्बांचे आणि माझे होते. मी तसं तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘भाईजान, हे अम्मीलाही सांग.’