प्रयोगशाळेतील अचूकता आणि आकड्यांचा तक्ता

रक्ततपासणीच्या अहवालातील आकडा रोगी आणि वैद्य दोघेही प्रमाण मानतात. परंतु त्या आकड्याचीच परीक्षा घेण्याची प्रथा फार जुनी नाही. बेल्क आणि संडरमन यांनी पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयीन प्रयोगशाळांकडे एकसारखे नमुने तपासणीस पाठविले. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत उत्तरांमधील तफावत चिंताजनक ठरली. पुढे १९५० मध्ये लीव्ही आणि जेनिंग्ज यांनी, शूहार्टने १९२४ साली कारखान्यातील उत्पादनासाठी योजलेला नियंत्रण-आलेख प्रयोगशाळेत आणला.

या परीक्षेतील आकडेमोड मात्र कष्टाची होती. एक नोंद बदलली की बेरीज, सरासरी आणि प्रमाण विचलन पुन्हा काढावे लागे. १९७९ साली ब्रिकलिन आणि फ्रँकस्टन यांचे ‘व्हिसिकॅल्क’ विक्रीस आले आणि संगणकाच्या पडद्यावरील तक्ता, म्हणजेच स्प्रेडशीट, हे काम आपोआप करू लागला. १९८५ मध्ये ‘एक्सेल’ आले.

परंतु गणित सुलभ झाले म्हणून प्रश्न योग्य विचारला जातोच असे नाही. नव्या पद्धतीची जुनीशी तुलना करताना सहसंबंध गुणांक काढण्याचा प्रघात होता. समजा, एक यंत्र रक्तशर्करा नेहमी २० मिलिग्रॅमने अधिक दाखविते. दोन्ही यंत्रांच्या वाचनांतील सहसंबंध पूर्ण, म्हणजे १ येईल. तथापि उपाशीपोटी ११० शर्करा असलेल्या मनुष्याच्या अहवालात १३० हा आकडा उमटेल. मधुमेहाची मर्यादा १२६ असल्याने निदानाची दिशाच चुकेल. दोन मोजमापे एकत्र चढतात-उतरतात, एवढ्यावरून ती परस्परांशी जुळतात असे ठरत नाही.

हा भेद ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मधील लेखात स्पष्ट केला. त्यांचा उपाय साधा होता: प्रत्येक जोडीतील फरक आणि सरासरी यांचे दोन स्तंभ मांडावेत, त्यांचा आलेख काढावा आणि सुमारे ९५ टक्के फरक ज्यांच्या आत येतात त्या सीमा ठरवाव्यात. कोणत्याही स्प्रेडशीटला हे सहजसाध्य आहे. त्या सीमांमधील फरक रोग्याच्या दृष्टीने क्षम्य आहे काय, याचा निर्णय मात्र तक्ता देत नाही. तो वैद्यकानेच, आणि शक्यतो आकडे पाहण्यापूर्वी, करावयाचा असतो.