भीमेच्या उगमापासून चाकणच्या माळापर्यंत : खेड तालुक्याची वाटचाल

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेच्या माळरानापर्यंत खेड तालुका पसरलेला आहे. पश्चिमेला भीमाशंकरचे गर्द जंगल. तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो आणि तेथेच भीमा उगम पावते. भोरगिरी, वाडा, चास करीत ती राजगुरुनगरला येते. तिच्या दक्षिणेला भामा, आणि तालुक्याच्या दक्षिण अंगाला आळंदीची इंद्रायणी. पूर्वेकडे उतरावे तसा पाऊस झपाट्याने कमी होत जातो. भातखाचरांची जागा बाजरी, कांदा आणि बटाटा घेतात. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या सुमारे साडेचार लाख होती. डोंगरातला महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाज, मधल्या पट्ट्यातला शेतकरी, आळंदीचा वारकरी आणि चाकणचा कामगार हे सगळे एकाच तहसील कचेरीच्या हद्दीतले रहिवासी आहेत. इतकी निरनिराळी माणसे एकत्र कशी नांदली, याचा हा मागोवा.

या भूमीचे पहिले मोठे नाव आळंदी. संत ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये इंद्रायणीकाठी संजीवन समाधी घेतली आणि त्यानंतर या गावाची वाट महाराष्ट्राने कधी मोडली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त दिली. चाकणजवळचा भामचंद्र डोंगर तुकोबांच्या साधनेचे स्थान म्हणून वारकऱ्यांना पूज्य आहे. इंद्रायणी पुढे तुळापूरला भीमेला मिळते आणि भीमा पंढरपूरला जाऊन चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. म्हणजे वारकरी ज्या पाण्यात स्नान करतो, त्यातले काही याच तालुक्याच्या डोंगरात पडलेले असते. येथील लोकांना त्याचा अभिमान आहे आणि तो सार्थ आहे.

लढाईच्या काळातही हा मुलूख मागे राहिला नाही. १६६० मध्ये शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला तेव्हा किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी हा भुईकोट दोन महिन्यांच्या आसपास झुंजवला. बुरुजाखाली सुरुंग उडाल्यावरच मोगलांना आत शिरता आले. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडजवळ शाहू महाराज आणि ताराराणी यांच्या फौजा समोरासमोर आल्या आणि मराठी राज्याची पुढची दिशा या मैदानात ठरली. पेशवाईत चासच्या जोशी घराण्यातील काशीबाई थोरल्या बाजीरावांच्या पत्नी म्हणून पेशव्यांच्या घरी गेल्या. बडोद्याच्या गायकवाडांचे मूळ गाव दावडी. यशवंतराव होळकरांचा जन्म वाफगावच्या किल्ल्यातला. वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी आणलेली पोर्तुगीज घंटा भीमाशंकरच्या देवळापुढे टांगलेली आहे आणि मंदिराच्या शिखराचे श्रेय नाना फडणवीसांकडे जाते. एवढी राजघराणी या तालुक्याच्या वाट्याला आली, पण डोंगरातल्या माणसाच्या पोटाला पुरेल इतके कधीच पिकले नाही.

खेडचा अलीकडचा इतिहास या अपुऱ्या पिकातून सुरू होतो. डेहणे, भोरगिरी, टोकावडे, औदर या बाजूच्या गावांत भात, नाचणी आणि वरई यांवर वर्ष काढावे लागे. खाचर लहान, उताराची जमीन दगडाची, आणि दसरा-दिवाळी उरकली की हाताला काम नाही. जंगलाचा आधार होता तो हिरड्याचा. उन्हाळ्यात झाडावर चढून कोवळी, न पिकलेली फळे झोडायची, ती अंगणात पसरून काळी कडक होईतो वाळवायची आणि पोत्यात भरून विकायची. बाळहिरड्याच्या या पैशावर बियाणे, मीठमिरची आणि पोरांचे कपडे निघत. आजही पश्चिम पट्ट्यात हिरड्याचा भाव हा घरोघरी बोलण्याचा विषय आहे. पण हिरडा वर्षभर पुरत नव्हता. म्हणून माणसे मुंबईला निघाली.

१८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत घरचे जेवण कचेरीत पोहोचवण्याचा उद्योग सुरू केला. त्यांनी आपल्या मुलखातली माणसे हाताशी धरली आणि बघता बघता हा धंदा खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर या डोंगरी तालुक्यांचाच झाला. भरती ओळखीवर होई. गावातला एक गेला की त्याच्यामागे भाऊ, मेहुणा, शेजारी. अक्षर न ओळखणारा माणूसही डब्याच्या झाकणावरच्या रंगीत खुणा वाचून तो नेमक्या मजल्यावर पोहोचवी. कुठल्या स्टेशनावर उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला, कोणाच्या ताब्यात द्यायचा, हे सगळे चार-पाच चिन्हांत मावते. तीस-चाळीस डब्यांची लाकडी पाटी डोक्यावर घेऊन लोकलच्या गर्दीतून वाट काढणे हे डोंगर चढलेल्या पायांचे आणि मानेचेच काम. १९५६ मध्ये नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स चॅरिटी ट्रस्टची नोंदणी झाली आणि या माणसांच्या एकजुटीला कायद्याचे रूप मिळाले. २००३ मध्ये ब्रिटनचे युवराज चार्ल्स त्यांना चर्चगेटला येऊन भेटले, तेव्हा जगाने डबेवाल्यांच्या या पांढऱ्या टोपीची दखल घेतली. तालुक्याला ती आधीपासून ठाऊक होती. तिच्यातून आलेल्या मनिऑर्डरींनी घरांवर कौले चढली, बहिणींची लग्ने झाली आणि देवळांचे जीर्णोद्धार झाले.

या सगळ्याचा अर्धा भार बायकांनी उचलला आणि त्याची नोंद फारशी कोठे झालेली नाही. पुरुष मुंबईला असताना लावणी, कापणी, गुरे, म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे त्यांनीच सांभाळली. चैत्रात गावोगावच्या यात्रा लागल्या की डबेवाले दरवर्षी पाच-सहा दिवसांची सुट्टी घेतात आणि अख्खी मुंबई त्या दिवसांत घरच्या डब्याविना राहते. ग्राहकांना आधी सांगून, ठरल्या तारखांना, सगळे एकदम गावी येतात. ग्रामदैवताच्या पालखीला खांदा देणे ही त्यांच्या लेखी नोकरीइतकीच पक्की जबाबदारी आहे.

स्वातंत्र्याच्या लढ्यात तालुक्याने आपला सर्वांत मोठा माणूस दिला. शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ रोजी खेड गावी, भीमेकाठच्या वाड्यात झाला. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासह ते हसत फासावर गेले. त्यांच्या स्मरणार्थ खेड गावाचे नाव राजगुरुनगर झाले. तालुक्याने मात्र जुने नाव राखले. हुतात्मा राजगुरू महाविद्यालयातून डोंगरातल्या कित्येक घरांतला पहिला पदवीधर बाहेर पडला. वाफगावच्या होळकरांच्या किल्ल्यात रयत शिक्षण संस्थेची शाळा भरली. राजगुरुनगर सहकारी बँकेने छोट्या दुकानदारापासून दूधवाल्यापर्यंत अनेकांना सावकाराच्या दारातून सोडवले. खेड कृषी उत्पन्न बाजार समितीचे चाकण येथील महात्मा फुले मार्केट कांदा-बटाट्याच्या उलाढालीने राज्यात नावाजले. शनिवारच्या चाकण बाजाराला गुरे, शेळ्या, भाजी, तरकारी घेऊन सारा तालुका उतरतो. पाईटचा शेतकरी आणि नायफडचा ठाकर यांची गाठ बहुधा इथेच पडते, आणि सोयरिकीची बोलणीही इथेच निघतात.

यानंतरचा टप्पा धरणांचा, आणि तो जड मनानेच सांगावा लागतो. भीमेवर चासकमान आणि भामेवर भामा आसखेड ही दोन धरणे बांधली गेली. चासकमानच्या कालव्यांनी खेडचा पूर्व भाग आणि शिरूर तालुका हिरवा केला. जिथे बाजरीही धड येत नव्हती तिथे ऊस उभा राहिला. भामा आसखेडचे पाणी २०२१ पासून पुण्याच्या पूर्व भागातल्या नळांना जाते. पण ज्यांची खाचरे आणि घरे पाण्याखाली गेली, त्या करंजविहिरे परिसरातल्या आणि वरच्या गावांतल्या शेतकऱ्यांना पर्यायी जमिनीसाठी वर्षानुवर्षे धरणे धरावी लागली, जलवाहिनीचे काम अडवावे लागले, तुरुंगाच्या वाऱ्या कराव्या लागल्या. शहराची तहान भागवण्याचे पुण्य या लोकांच्या पदरात आहे, हे शहरानेही लक्षात ठेवायला हवे. त्यांच्या चिवट लढ्यामुळेच पुनर्वसनाचा प्रश्न कागदात गाडला गेला नाही.

याच काळात तालुक्याच्या दक्षिण टोकाला वेगळेच जग उभे राहत होते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवड कारखान्यांनी भरले. खेडची पोरे तेव्हापासूनच नाशिक रस्त्याने पहिल्या पाळीला जात होती. मग जागा अपुरी पडली आणि उद्योग इंद्रायणी ओलांडून चाकणला आला. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला; २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ, पाठोपाठ महिंद्र. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, खालुंब्रे, सावरदरी, वासुली, भांबोली या गावांच्या शिवारांत टप्प्याटप्प्याने औद्योगिक वसाहत वाढत गेली. ज्या माळावर भुईमूग आणि कांदा निघे, तेथून आता मोटारी निघतात.

यातून तालुक्याला मिळाले ते थोडके नाही. मुंबईला जाऊन पाटी उचलावी लागलेल्या माणसाचा नातू आयटीआय करून घरापासून तासाभरावर कामाला लागला. गावांत पक्की घरे, दवाखाने आणि चांगल्या शाळा आल्या. किंमतही तेवढीच मोठी होती. जमिनीचा पैसा काही घरांत टिकला, काही घरांत दोन-चार वर्षांत विरला. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी कनेरसर, निमगाव, दावडी या बाजूला जमिनी गेल्या आणि जमीन गेलेल्या शेतकऱ्यांना द्यायच्या पंधरा टक्के परताव्याचा प्रश्न दीर्घकाळ गाजत राहिला. भामचंद्र डोंगराच्या पायथ्याशी उद्योग सरकू लागले तेव्हा वारकरी रस्त्यावर उतरले. चाकणच्या चौकातली वाहतूक कोंडी आणि इंद्रायणीवर तरंगणारा फेस हे आजचे उघड दुखणे आहे. माउलींच्या गावी येणाऱ्याला फेसाळ पाण्यात उतरावे लागते, ही गोष्ट प्रत्येक खेडकराच्या जिवाला लागते आणि आळंदीकर ती पुनःपुन्हा मांडत आले आहेत.

डोंगराने या काळात आपले जंगल राखले. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. राज्यप्राणी शेकरूचे हे हक्काचे घर. अभयारण्याच्या नियमांनी गुरे चारणे, लाकूड आणणे, हिरडा वेचणे यांवर बंधने आली आणि आदिवासी वस्त्यांना त्याचा त्रासही झाला. तरीही देवराईतल्या झाडाला कुऱ्हाड न लावण्याची रीत या लोकांनी कायद्याच्या कितीतरी आधीपासून पाळली होती. आज तेथे जे जंगल उभे दिसते त्याचे पहिले श्रेय त्यांचे.

तालुक्याचा सामाजिक जीव ओळखायचा तर यात्रेच्या दिवशी घाटात जावे. येथे घाट म्हणजे बैलगाडा पळवण्याची चढती धावपट्टी. पुढे घोडी, तिच्यामागे बैल, बारी सुटली की कडेच्या गर्दीतून एकच आरोळी उठते आणि घड्याळावर सेकंद मोजले जातात. फळीफोडचा मान कोणाला, घाटाचा राजा कोण, यावर पुढचे कित्येक दिवस पारावर चर्चा चालते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शर्यती थांबल्या तेव्हा कित्येकांनी केवळ मायेपोटी बैल दावणीला ठेवून खुराक चालू ठेवला. गाडामालकांच्या संघटनांनी मोर्चे काढले, न्यायालयात बाजू लढवली. डिसेंबर २०२१ मध्ये नियम घालून परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. निमगाव-दावडीच्या खंडोबाच्या घाटापासून लहान वाड्यांच्या घाटांपर्यंत पुन्हा बाऱ्या सुटू लागल्या. कंपनीतला कामगार त्या दिवशी रजा टाकतो, मुंबईचा डबेवाला आलेला असतो, आणि वर्गणीच्या यादीत दोघांची नावे खालीवर असतात.

२०२० च्या टाळेबंदीत लोकल थांबल्या आणि डबेवाल्यांचा धंदा एका रात्रीत बसला. शेकडो जण डोंगरात परतले. काहींनी शेती धरली, काही चाकणच्या कंपन्यांत सुरक्षा रक्षक म्हणून लागले. त्यांची मुंबईतली संख्या अजून पूर्वपदावर आलेली नाही. आळंदी, राजगुरुनगर आणि चाकण या तीन नगरपरिषदा आज तालुक्यात आहेत आणि चाकण परिसरासाठी महानगरपालिकेचा विचार राज्य सरकारने बोलून दाखवला आहे. पश्चिमेकडच्या गावांच्या मागण्या मात्र साध्या आहेत : उन्हाळ्यात टँकरवर विसंबावे लागू नये, पावसाळ्यात रस्ता खचू नये, वाडा गावाच्या पुढे एसटी वेळेवर जावी, रात्रीबेरात्री दवाखान्यात डॉक्टर भेटावा, आणि हिरड्याला रास्त भाव मिळावा. ग्रामपंचायती, दिंड्या, यात्रा समित्या, बचत गट आणि मुंबईकर मंडळी मिळून या मागण्यांचा पाठपुरावा करीत आहेत. दोन धरणांच्या पाण्याइतकाच या गावांचाही हक्क जुना आहे.