कराडचं बंदर कुठं गेलं?

सातारा-सांगलीकडचे श्रोते म्हणतील, आमच्याकडं कुठला समुद्र अन् कुठलं बंदर? होतं की. कुंभार्ली घाट उतरलं की वाशिष्ठीकाठी चिपळूण.

कराडकडून गूळ, कापूस, धान्य बैलांच्या पाठीवर घाट उतरायचं. वर जाताना मीठ, नारळ, सुकी मासळी. समुद्र तिथून चाळीसेक किलोमीटर, दाभोळला. दाभोळ म्हणजे बहमनी काळातलं नावाजलेलं बंदर. रशियन व्यापारी अफानासी निकितिन परत जाताना इथूनच जहाजात बसला. 1508 च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांनी ते जाळलं, तो वेगळा एपिसोड. तर या दाभोळहून गलबतं भरतीच्या पाण्यावर खाडीत शिरायची आणि चिपळूणजवळ गोवळकोटच्या धक्क्याला लागायची. भरती चुकली की बसा पुढच्या भरतीची वाट बघत.

कारण गाळ. सह्याद्रीचा उतार खडा, नदी आखूड, पाऊस धो-धो. माती वाहत येते, समोरून भरती आली की प्रवाह मंदावतो. त्यात खारं पाणी लागलं की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाला बसतात. त्यामुळं खाडी एकदा उपसून भागत नाही. मुंबई आणि न्हावाशेवाच्या जलमार्गात ड्रेजर पुन्हा पुन्हा लावावाच लागतो, कारण तिथं जहाज अडलं की पैसा अडतो.

चिपळूणचं काय झालं? पुणे-मिरज रेल्वे आली आणि घाटावरचा माल तिकडं वळला. मग खाडी खोल ठेवायला खर्च कोण करणार? माझं मत विचाराल तर बंदर आधी रेल्वेनं संपवलं, गाळ नंतर आला.

पण नदीचं काम संपलं नव्हतं. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून याच वाशिष्ठीत उतरतं; लवादानं ठरवलेली मर्यादा वर्षाला 67.5 टीएमसी. म्हणजे एकाच धरणाचं पाणी इकडं सांगलीला आणि तिकडं चिपळूणलाही.

22 जुलै 2021 ला अतिवृष्टी आणि भरती एकत्र आली, चिपळूणची बाजारपेठ बुडाली. त्याच आठवड्यात सांगलीत कृष्णा चढत होती. कोयनेचा वाटा किती, यावर भांडणं झाली. गाळावर मात्र गावाचं एकमत! लोक साखळी उपोषणाला बसले, मग नदीत पोकलेन उतरले, नाम फाउंडेशनही आली.

आता काढलेला गाळ टाकायचा कुठं? काठावरच ढीग राहिला, तर पुढच्या पावसात तो परत पात्रात.