पेट स्कॅनची गोष्ट: एका कणापासून मनाच्या आजारांपर्यंत

काही दिवसांपूर्वी एक गृहस्थ आपल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. गेले चार महिने तिची झोप उडालेली, जेवण निम्म्यावर आलेले, अभ्यासात लक्ष नाही, कारण नसताना रडू येते. वडिलांच्या हातात जाडजूड फाइल होती. रक्ताच्या तपासण्या झाल्या होत्या, मेंदूचा एमआरआयही झाला होता आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल होते.

"डॉक्टर, आता तो पेट स्कॅन की काय म्हणतात, तो करून टाकू. खर्चाचं मी बघतो. एकदा कळू दे तरी, खरंच आजार आहे की नुसतं मनाचं आहे," ते म्हणाले.

'नुसतं मनाचं' हे शब्द ऐकताच मुलीने मान खाली घातली.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. म्हणून आज पेट स्कॅनचा इतिहास सांगतो. कर्करोगाची तपासणी म्हणून हा स्कॅन आपल्याला माहीत आहे. पण तो ज्या संशोधनातून जन्माला आला, त्यातल्या एका मोठ्या प्रश्नाचा संबंध थेट या वडिलांच्या शंकेशी आहे.

आधी कण सापडला

गोष्ट सुरू होते ती दवाखान्यापासून फार दूर. १९२८ साली इंग्लंडमध्ये पॉल डिरॅक या तरुण शास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉनचे वर्णन करणारे एक समीकरण मांडले. त्याचा अर्थ लावता लावता १९३१ मध्ये तो एका विचित्र निष्कर्षाला पोचला. इलेक्ट्रॉनइतक्याच वजनाचा, पण उलट म्हणजे धन विद्युतभार असलेला एक कण निसर्गात असायला हवा. असा कण तोवर कोणी पाहिलेला नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९३२ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेत कॅल्टेक संस्थेत कार्ल अँडरसन अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचे फोटो घेत होता. वय अवघे २६. त्याच्या यंत्रात वाफेने भरलेली एक पेटी होती. तिच्यातून विद्युतभारित कण गेला की धुक्याची बारीक रेघ उमटायची, आणि चुंबकामुळे ती रेघ वळायची. एका फोटोत रेघ इलेक्ट्रॉनसारखीच होती, पण वळली होती उलट दिशेला. हाच तो कण. त्याला 'पॉझिट्रॉन' हे नाव मिळाले आणि अँडरसनला १९३६ चे नोबेल पारितोषिक.

याच सुमारास मुंबईत जन्मलेला एक तरुण केंब्रिजमध्ये या नव्या कणाचे गणित मांडत होता. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळले तर काय होते, याचे त्याने केलेले काम १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. जगभरचे भौतिकशास्त्रज्ञ आजही त्या प्रक्रियेला 'भाभा स्कॅटरिंग' म्हणतात. हा तरुण म्हणजे होमी भाभा. त्यांचे नाव या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

पॉझिट्रॉनचे आयुष्य फार थोडे. शरीरात तो जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातो, एखादा इलेक्ट्रॉन भेटतो आणि दोघेही नष्ट होतात. त्यांच्या जागी दोन गॅमा किरण निघतात, जवळजवळ एकमेकांच्या विरुद्ध दिशांना. पेट स्कॅनचे सारे गमक या दोन किरणांत आहे. ते शरीराबाहेर येतात. रुग्णाभोवती गोल बसवलेल्या संवेदकांपैकी समोरासमोरच्या दोघांना एकाच क्षणी किरण लागले, की ते त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी जन्मले हे कळते. अशा लाखो रेषा संगणक एकत्र करतो आणि चित्र तयार होते.

मग तो तयार करता येऊ लागला

विश्वकिरणांतून अधूनमधून येणारा कण औषधाच्या उपयोगाचा नाही. तो हवा तेव्हा मिळायला हवा. ती वाट १९३४ मध्ये पॅरिसमध्ये उघडली. मेरी क्युरींची मुलगी इरेन आणि जावई फ्रेडरिक जोलिओ यांनी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर अल्फा कणांचा मारा केला. मारा थांबवल्यावरही पत्र्यातून काही मिनिटे पॉझिट्रॉन येतच राहिले! साध्या मूलद्रव्यापासून माणसाने पहिल्यांदाच किरणोत्सारी मूलद्रव्य बनवले होते. १९३५ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दांपत्याला मिळाले.

तिकडे कॅलिफोर्नियात अर्नेस्ट लॉरेन्सने सायक्लोट्रॉन हे यंत्र बनवले होते. कणांना गोल गोल फिरवून प्रचंड वेग देणारे हे यंत्र अणूच्या गाभ्याचा अभ्यास करण्यासाठी होते. आज पेट स्कॅनची औषधे याच जातीच्या यंत्रांत तयार होतात.

मनाच्या आजारांचा शोध घेणारे डॉक्टर

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. १९४० च्या दशकात सेमूर केटी या अमेरिकन डॉक्टरने जिवंत माणसाच्या मेंदूतून किती रक्त वाहते आणि मेंदू किती ऑक्सिजन वापरतो हे मोजण्याची पद्धत शोधली. रुग्णाला थोडा नायट्रस ऑक्साइड वायू हुंगायला द्यायचा आणि मेंदूकडे जाणाऱ्या व मेंदूतून परतणाऱ्या रक्तात तो किती आहे हे तपासायचे.

केटींनी ही मोजणी स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांवर केली. भास होणाऱ्या, संशयाने ग्रासलेल्या या माणसांच्या मेंदूत काहीतरी मोठा बिघाड दिसेल अशी अपेक्षा होती. १९४८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रक्तपुरवठा नॉर्मल, ऑक्सिजनचा वापरही नॉर्मल.

'रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे आजार खोटा' असे केटींनी म्हटले नाही. समोरचा माणूस आजारी होता हे उघड दिसत होते. आपली पद्धत संपूर्ण मेंदूचा एकच सरासरी आकडा देते, तेव्हा एखाद्या छोट्या भागातला फरक त्यात बुडून जाणार, हे लक्षात आले. घराचे महिन्याचे वीजबिल नेहमीइतकेच आले, म्हणून प्रत्येक खोलीतला दिवा ठीक चालला आहे असे होत नाही.

केटी पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत गेले. त्यांचे सहकारी लुई सोकोलॉफ यांनी तिथे मेंदूतली एकेक 'खोली' तपासण्याची युक्ती शोधली. मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज. त्याच्यासारखाच दिसणारा, पण किंचित वेगळा डीऑक्सिग्लुकोज नावाचा पदार्थ आहे. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते, पचवण्याची पहिली पायरी पार पाडते आणि तिथेच अडकते. पदार्थ पुढे जात नाही आणि बाहेरही पडत नाही. जी पेशी जास्त काम करते तिच्यात तो जास्त साठतो. त्याला किरणोत्सारी अणू जोडला की मेंदूचा कुठला भाग किती काम करतो हे कळते.

सोकोलॉफ यांची पद्धत प्राण्यांवर उत्तम चालली. पण त्यासाठी मेंदूचे काप काढावे लागत. माणसावर ते कसे करणार? कवटीबाहेर येईल असा संदेश हवा होता. म्हणजे पॉझिट्रॉन हवा होता.

विमानाने गेलेले औषध

न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञांनी या ग्लुकोजला फ्लोरिन-१८ हा पॉझिट्रॉन सोडणारा अणू जोडला. तयार झालेल्या औषधाला आज आपण एफडीजी म्हणतो. अडचण वेळेची होती. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. औषध बनवून कपाटात ठेवण्याची सोयच नाही. ऑगस्ट १९७६ मध्ये ते विमानाने फिलाडेल्फियाला नेले गेले आणि तिथे अब्बास अलवी या डॉक्टरांनी ते निरोगी स्वयंसेवकांना टोचले. ते पहिले चित्र होते मेंदूचे, आणि जुन्या पद्धतीच्या स्कॅनरवर काढलेले. खास पॉझिट्रॉनसाठीचे यंत्र त्याच काळात सेंट लुईस येथे मिशेल टेर-पोगोसियन, मायकेल फेल्प्स आणि एडवर्ड हॉफमन यांच्या गटाने उभे केले.

मेंदूसाठी बनलेले हे औषध कर्करोगाच्या कामी आले ते एका जुन्या निरीक्षणामुळे. अनेक कर्कपेशी ग्लुकोज अधाशासारखे खातात, हे ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच दाखवले होते. म्हणून एफडीजी दिल्यावर गाठ स्कॅनमध्ये उजळून दिसते.

मनाच्या आजारांत खरा उपयोग कुठे झाला?

१९८३ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील हेन्री वॅग्नर हे डॉक्टर स्वतःच स्कॅनरखाली झोपले. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचे 'रिसेप्टर', म्हणजे ते रसायन जिथे जाऊन बसते त्या जागा, जिवंत माणसात पहिल्यांदा दिसल्या त्या त्यांच्या मेंदूत. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते.

पुढे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत लार्स फार्दे आणि सहकाऱ्यांनी एक व्यवहारी प्रश्न विचारला. स्किझोफ्रेनियाची औषधे घेणाऱ्यांत या जागांपैकी किती जागा औषधाने भरलेल्या असतात? त्यांच्या आणि नंतर इतरांच्या कामातून असे दिसले की साधारण ६५ ते ८० टक्के जागा भरल्या की बहुतेक औषधांचा गुण येतो. ८० टक्क्यांच्या पुढे गेले की गुण वाढत नाही, मात्र हातपाय ताठरणे, थरथर, चालताना अडखळणे हे त्रास वाढतात.

मी शिकत होतो तेव्हा वॉर्डात असे ताठरलेले, लाळ गळणारे रुग्ण पाहिले आहेत. रुग्ण सुधारत नसेल तर डोस वाढवायचा, हा तेव्हाचा शिरस्ता. नातेवाईकांना वाटे, आजारच असा आहे. पुष्कळ वेळा तो आजार नव्हता, जास्तीचा डोस होता. आज ही औषधे पूर्वीपेक्षा कमी मात्रेत दिली जातात, त्यामागे या स्कॅनच्या अभ्यासांचा मोठा वाटा आहे. स्कॅन झाले थोड्या लोकांचे, फायदा झाला ज्यांनी कधी स्कॅनर पाहिलाही नाही अशा असंख्य रुग्णांचा.

स्मृतिभ्रंशातही असेच झाले. अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारे अमायलॉइड पूर्वी मृत्यूनंतरच खात्रीने दिसत असे. पिट्सबर्गच्या संशोधकांनी शोधलेल्या औषधामुळे २००२ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे ते जिवंत रुग्णात दिसले. पण गंमत अशी की स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्या काही वृद्धांच्या मेंदूतही ते आढळते. म्हणजे स्कॅनमध्ये काही न दिसता माणूस आजारी असू शकतो, आणि दिसूनही ठीक असू शकतो.

भारतात हे तंत्र आले ते मुंबईत. २००२ मध्ये परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातील पहिले मेडिकल सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅनर सुरू झाले. हे केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राचे. केंब्रिजमध्ये पॉझिट्रॉनचे गणित मांडणाऱ्या त्याच भाभांच्या नावाचे.

वाचकांनी लक्षात ठेवावे असे

- पेट स्कॅन मुख्यतः कर्करोगात, काही प्रकारच्या स्मृतिभ्रंशात, फिट्सच्या शस्त्रक्रियेपूर्वी आणि हृदयाच्या काही आजारांत उपयोगी पडतो.
- नैराश्य, चिंता किंवा स्किझोफ्रेनियाचे निदान पेट स्कॅनने होत नाही. संशोधनात दिसणारे फरक अनेक रुग्णांच्या सरासरीतले असतात. एकट्या माणसाचे चित्र पाहून निदान करता येत नाही.
- नैराश्याचे निदान सविस्तर बोलून, तपासून होते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ अशा तपासण्या दुसरे कारण नाही ना, हे पाहण्यासाठी असतात.
- डॉक्टरांनी एफडीजी पेट स्कॅन सांगितलाच, तर आधी चार ते सहा तास उपाशी राहावे लागते. मधुमेह असेल किंवा गर्भधारणेची शक्यता असेल तर आधीच सांगा.
- शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक त्रासाबद्दल मोफत बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर उद्यावर टाकू नका.

त्या दिवशी मी वडिलांना केटींची गोष्ट थोडक्यात सांगितली. "रिपोर्ट नॉर्मल आले ही चांगली बातमी आहे. गाठ नाही, थायरॉइड नाही. पण तिचा त्रास खरा आहे. आजच्या यंत्रांना तो दिसत नाही, एवढंच," मी म्हणालो. मग त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले आणि मुलीशी बोललो. अर्ध्या तासात जे कळले, ते त्या जाड फाइलमध्ये कुठेच नव्हते.

पेट स्कॅन केला नाही. त्या पैशांत मनोविकारतज्ज्ञांच्या कितीतरी भेटी आणि औषधे होतील, असे सांगून चिठ्ठी दिली. निघताना वडिलांनी विचारले, "म्हणजे डॉक्टर, ही नाटक करत नाहीये तर?"

"नाही," मी म्हणालो.

मुलीने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. दोन महिने उपचार घेतल्यावर परवा ती सर्दी-खोकल्यासाठी आली होती. झोप परत आली आहे, परीक्षेचा अर्जही भरला आहे.