स्कंदरबेगचे शिरस्त्राण आणि अल्बानियाचे मुसलमान

अल्बानियाच्या राजचिन्हावर दुतोंडी गरुड आहे आणि त्याच्या वर एक शिरस्त्राण. ते पंधराव्या शतकातला सेनापती जेर्ज कास्त्रिओती याचे मानले जाते. हा सेनापती ख्रिस्ती होता आणि जवळपास पंचवीस वर्षे उस्मानी सुलतानांशी लढला. पुढे बहुसंख्य मुस्लिम झालेल्या देशाने त्यालाच राष्ट्रनायक कसे मानले? इतिहासातली प्रत्येक लढाई ‘मुसलमान विरुद्ध इतर’ अशी वाचण्याची सवय लागलेल्यांना हे कोडे वाटते. मला मात्र त्यात काहीच कोडे दिसत नाही.

जेर्ज हा अल्बानियातल्या एका सरदाराचा मुलगा. ओलीस म्हणून तो उस्मानी दरबारात गेला, मुसलमान झाला, सुलतानाच्या फौजेत चढत गेला. तिथेच त्याला ‘इस्कंदर बेग’ हे नाव मिळाले. 1443 मध्ये निशच्या लढाईत त्याने उस्मानी फौज सोडली, क्रुया किल्ला ताब्यात घेतला आणि तो पुन्हा ख्रिस्ती झाला. पुढच्या वर्षी लेझ येथे त्याने अल्बानियन सरदारांची एकजूट घडवली.

त्याचे लढण्याचे तंत्र मराठी वाचकाला परके वाटणार नाही. किल्ल्यात मोजकी शिबंदी ठेवायची आणि स्वतः बाहेर डोंगरात राहून वेढा घालणाऱ्या फौजेवर, तिच्या रसदीवर छापे घालायचे. 1450 मध्ये खुद्द सुलतान मुराद दुसरा क्रुयाला वेढा घालून बसला आणि हात हलवत परतला. 1466 मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या मुहम्मद फातेहलाही क्रुया घेता आला नाही. किल्ला पडला तो 1478 मध्ये, स्कंदरबेगच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

पण हे धर्मयुद्धच होते का? याच स्कंदरबेगने 1447-48 मध्ये ख्रिस्ती व्हेनिसशीही युद्ध केले. उलट त्याच्यावर चालून आलेला उस्मानी सेनापती बल्लाबान जन्माने अल्बानियनच होता.

पुढच्या शतकांत बहुतेक अल्बानियन मुसलमान झाले. एकोणिसाव्या शतकात राष्ट्रजागृती सुरू झाली, तेव्हा त्यांनी स्कंदरबेगला टाकून दिले नाही. नईम फ्राशेरी हे बेक्ताशी सूफी परंपरेतले कवी. 1898 साली त्यांची दोन महाकाव्ये प्रसिद्ध झाली. एक स्कंदरबेगवर आणि दुसरे करबलावर. इमाम हुसैन यांच्या शहादतीवर लिहिणाऱ्या लेखणीला सुलतानाशी लढलेल्या ख्रिस्ती सरदारावर लिहिताना अडचण आली नाही. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

28 नोव्हेंबर 1912 रोजी व्लोरा शहरात इस्माईल कमाल यांनी स्वातंत्र्य घोषित करून गरुडाचा झेंडा उभारला. तेही मुसलमान आणि उस्मानी संसदेचे माजी सदस्य. नव्या सरकारचे युद्धमंत्री मेहमेत पाशा देराला हेही मुसलमानच. अशा लोकांनी या देशाच्या सैन्याची पायाभरणी केली.

या नावाचा गैरवापरही झाला, हे सांगितले पाहिजे. 1944 मध्ये नाझी जर्मनीने प्रामुख्याने मुस्लिम अल्बानियनांची एक एसएस डिव्हिजन उभी केली आणि तिला स्कंदरबेगचे नाव दिले. तिने प्रिश्टिनातल्या ज्यूंना पकडून जर्मनांच्या हवाली केले. याउलट खुद्द अल्बानियात अनेक मुस्लिम कुटुंबांनी ‘बेसा’ म्हणजे दिलेल्या शब्दाला जागून ज्यूंना घरात लपवले. नायकाचे नाव घेतले म्हणून कृत्य थोर होत नाही.

आज तिरानाच्या मुख्य चौकात स्कंदरबेगचा अश्वारूढ पुतळा आहे आणि जवळच एथेम बे मशीद. धर्मबंदीच्या काळात ती मशीद बंद होती, 1991 मध्ये पुन्हा उघडली. तिथे नमाजला जाणाऱ्या माणसाला आपली देशनिष्ठा सिद्ध करण्यासाठी पुतळ्याकडे बोट दाखवावे लागत नाही, की इमान राखण्यासाठी त्याकडे पाठ फिरवावी लागत नाही. इतिहासातल्या राजांची भांडणे आजच्या शेजाऱ्यांच्या गळ्यात अडकवू नयेत, एवढे भान आपल्यालाही हवे आहे.