खारपाणपट्ट्यातलं पाणी : खारं कशानं झालं, काय तपासायचं अन् संशोधन काय सांगते

संग्रामपूर, वार्ताहर :

आपल्या जिल्ह्यात तेरा तालुके, पण पाण्याचं दुखणं सगळीकडे सारखं नाही. घाटावर चिखली, मेहकर, लोणारकडे प्रश्न असतो पाणी लागते का नाही याचा. घाटाखाली जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा, मलकापूर या पूर्णाकाठच्या पट्ट्यात प्रश्न वेगळा आहे. इथं पाणी लागते, पण ते तोंडात घालवत नाही. यालाच आपण खारपाणपट्टा म्हणतो. हा पट्टा अमरावती, अकोला अन् बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प म्हणजे 'पोकरा' सुरू झाला, तेव्हा त्यात पूर्णा खोऱ्यातली खारपाणाची ९३२ गावं वेगळी धरली होती.

या पट्ट्यावर बरंच संशोधन झालेलं आहे. मृदशास्त्रज्ञ, भूजलवाले, स्थापत्य अन् पर्यावरण अभियंते, सगळ्यांनी इथं काम केलं. पण ते अहवालात राहते, गावात येत नाही. म्हणून जे कामाचं आहे ते इथं एका ठिकाणी मांडतो. जपून ठेवा, बोअर पाडायच्या आधी किंवा ग्रामसभेच्या आधी एकदा वाचा.

पाणी खारं कशानं झालं?

पूर्णा मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला, बुलढाणा करत जळगाव जिल्ह्यात चांगदेवला तापीला मिळते. सातपुडा अन् अजिंठ्याचे डोंगर यांच्या मधला भाग खचलेला आहे. त्या खोलगटात नदीनाल्यांनी लाखो वर्षं गाळ आणून भरला. आपल्या वावराखाली खडक लवकर लागत नाही तो याच्यामुळं. शेकडो फूट माती, चिकणमाती अन् रेतीचे थर आहेत.

सातपुड्याच्या पायथ्याला गोटे, खरप अन् जाड रेती आहे. तिथं पाणी झपाट्यानं मुरते अन् विहिरीचं पाणी गोडं राहते. तिथून दक्षिणेला पूर्णाकडे आलो की माती बारीक होत जाते. चिकणमातीतून पाणी सरकतच नाही. पाऊस कमी, ऊन जास्त. पाणी वाफ होऊन उडते, क्षार मागं राहतात. वाहून न्यायला जोरदार निचरा नाही. वर्षानुवर्षं हे चालत आलं.

"इथं आधी समुद्र होता" असं म्हातारे माणसं सांगतात. त्यावर जाणकारांतही जुना वाद आहे. पण जमीन चोपण होण्याचं कारण नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मातीतूनच शोधलं. कोरड्या हवामानात मातीतला चुना कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो, त्याचे खडे आपण नांगरताना पाहतो. कॅल्शियम असा अडकला की मातीच्या कणांवर सोडियम चढतो. सोडियम चढला की कण सुटे होतात, भोकं बुजतात अन् पाणी मुरणं बंद होते.

त्यांचं आणखी एक निरीक्षण आपल्या फार कामाचं आहे. पुस्तकात लिहिलं असते की सोडियमचं प्रमाण, म्हणजे ईएसपी, १५ च्या वर गेलं की जमीन चोपण समजावी. पण पूर्णा खोऱ्याच्या काळ्या मातीत ते ५ च्या वर गेलं तरी निचरा बिघडायला लागतो. म्हणजे अहवालात ८ किंवा १० आलं अन् कोणी म्हटलं "नॉर्मल आहे", तर आपल्या मातीत ते नॉर्मल नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या पेढी नदीच्या पाणलोटात झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की आजूबाजूपेक्षा थोडीशी उंच असलेली जमीन जास्त चोपण होते. सखल जागी पावसाचं पाणी थांबते, मुरते अन् क्षार धुऊन नेते. उंच जागेवरून ते वाहून जाते. एकाच धुऱ्याच्या दोन बाजूला पऱ्हाटी वेगवेगळी का दिसते, त्याचं एक कारण हे असू शकते.

जास्त खोल गेलं की गोडं पाणी लागते का?

हा गैरसमज महाग पडतो. मी स्वतः त्यात पैसे घातले. माझ्या वावरात दोनशे चाळीस फुटांवर पाणी लागलं, फवारा उडाला, आम्ही पेढे वाटले. हरभऱ्याला पहिलं पाणी दिलं, काही झालं नाही. दुसऱ्या पाण्यानंतर पानांच्या कडा जळाल्या. पुढच्या पावसाळ्यात त्या तुकड्यावर अशी पापडी धरली की सोयाबीन उगवूनच आलं नाही. बोअर आता झाकून ठेवला आहे. पाणी तपासायला एक दिवस गेला असता, तो मी दिला नाही.

आपल्या भागात पावसाचं मुरलेलं गोडं पाणी वरच्या थरात असते, नाल्याकाठी जास्त. खाली खारं पाणी असते. गोडं हलकं म्हणून ते खाऱ्यावर तरंगते. मोठी मोटर लावून वरचं ओढून घेतलं की खालचं खारं पाणी वर चढते. एकदा चढलं की लवकर उतरत नाही. म्हणून नाल्याकाठच्या उथळ विहिरीतून थोडं थोडं पाणी उपसणं बरं, खोल बोअर नव्हे.

पिण्याच्या पाण्यात काय तपासायचं?

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस १०५००, सन २०१२ चं. त्यातले मुख्य आकडे असे (एका लिटरमध्ये मिलिग्रॅम) :

- टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार : ५०० पर्यंत चांगलं. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येते.
- जडपणा : २०० पर्यंत चांगला, नाइलाजानं ६००.
- क्लोराइड : २५० पर्यंत, नाइलाजानं १०००.
- फ्लोराइड : १ पर्यंत, नाइलाजानं १.५. जास्त झालं तर दातावर डाग पडतात, पुढं हाडं दुखतात.
- नायट्रेट : ४५. यात सूट नाही. तान्ह्या लेकरांना हे जास्त धोक्याचं.

दुकानात मिळणारा पेनासारखा टीडीएस मीटर फक्त एकूण क्षार दाखवतो. फ्लोराइड किती, नायट्रेट किती, जंतू आहेत का, हे त्यातून कळत नाही. मीटरवर ४०० आलं तरी नायट्रेट ४५ च्या वर असू शकते. त्यासाठी प्रयोगशाळाच पाहिजे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायचं प्रशिक्षण द्यायचं धोरण आहे. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण, संच कुठं आहे, हे ग्रामपंचायतीत विचारा.

अजून एक. पाणी उकळून क्षार जात नाहीत, उलट पाणी आटते अन् क्षार दाट होतात. तुरटीनं गढूळपणा जातो, खारेपणा नाही. ब्लीचिंग पावडरनं जंतू मरतात. ज्याचं काम त्यानंच होते.

किडनीच्या आजाराचं काय?

संग्रामपूर, जळगाव जामोदकडे किडनीचे पेशंट बरेच आहेत, हे आपण डोळ्यानं पाहतो. खाऱ्या पाण्यावर संशय जातो तो साहजिक आहे. मात्र खारं पाणी हेच एकमेव कारण, असं ठाम सिद्ध झालेलं नाही. श्रीलंकेच्या उत्तर मध्य प्रांतात १९९० च्या दशकापासून शेतकऱ्यांमध्ये असाच आजार आहे. तिथं जड पाणी अन् फ्लोराइड एकत्र येणं, उन्हात काम करून अंगातलं पाणी कमी होणं, कीटकनाशकं, अशा अनेक कारणांवर अभ्यास झाले. एका कारणावर एकमत झालं नाही.

तोवर थांबायचं का? नाही. पाणी खारं लागते म्हणून कमी पिणं, हाच मोठा धोका आहे. अंगदुखीच्या गोळ्या रोज खाणं किडनीला वाईट, हे पक्कं माहीत आहे. घरात कोणाला हा आजार, बीपी किंवा शुगर असेल तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन अन् लघवी तपासून घ्या. पाण्याचा अहवाल अन् रक्ताचा अहवाल दोन्ही डॉक्टरला दाखवा.

आरओ : फायदा आहे, पण उरलेलं पाणी जाते कुठं?

गावोगावी आरओ लागले, जार घरी येतो. टीडीएस जास्त असेल तर आरओ कामाचा आहे. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथं आरओची गरज नाही, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच म्हटलं.

खरी अडचण वेगळी आहे. समजा १०० लिटर पाणी आत गेलं अन् ५० लिटर गोडं निघालं. तर उरलेल्या ५० लिटरमध्ये जवळपास सगळे क्षार येतात. २००० टीडीएसचं पाणी असेल तर बाहेर पडणारं साधारण ४००० चं. ते शोषखड्ड्यात किंवा जुन्या विहिरीत सोडलं तर गावच्याच भूजलात परत जाते. आज गोडं पाणी पिऊन उद्याची विहीर आपणच खारी करतो. हे पाणी संडासाला, फरशी धुवायला वापरावं. जास्त असेल तर खाली ताडपत्री टाकलेल्या उथळ हौदात उन्हानं आटवावं. गावात नवीन आरओ मंजूर होत असेल तर "खारं पाणी कुठं सोडणार" हे आधी विचारा.

यावर नवीन संशोधन इलेक्ट्रोडायलिसिसचं आहे. त्यात पाणी जोरानं पडद्यातून दाबत नाहीत, विजेच्या ओढीनं क्षार बाजूला काढतात. आपल्यासारख्या मध्यम खाऱ्या पाण्याला यात वीज कमी लागते अन् पाणी कमी वाया जाते. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी आपल्या शेजारच्या जळगावच्या जैन इरिगेशनबरोबर सौर ऊर्जेवरचं असं यंत्र केलं, त्याला २०१५ मध्ये अमेरिकेत 'डिसॅल प्राइझ' मिळालं. त्याच गटानं बॅटरीशिवाय चालणारं यंत्र न्यू मेक्सिकोत सहा महिने चालवलं. ऊन कमी-जास्त झालं की यंत्र आपोआप कमी-जास्त चालते. दिवसाला ५००० लिटरपर्यंत पाणी निघालं. त्याचा निबंध २०२४ मध्ये आला.

इथं 'जिरवा' पेक्षा 'साठवा'

पाणी अडवा, पाणी जिरवा हे आपण शाळेपासून ऐकतो. सातपुड्याच्या पायथ्याला ते शंभर टक्के बरोबर. पण खारपाणाच्या मधल्या पट्ट्यात खोल जिरलेलं पाणी खाऱ्यात मिसळते. म्हणून इथं पावसाचं पाणी जमिनीच्या वर साठवणं जास्त फायद्याचं. 'पोकरा'साठी आयआयटी मुंबईनं गावाचा पाण्याचा ताळेबंद काढायची पद्धत तयार केली. पाऊस किती, मातीत ओल किती राहते, वाहून किती जाते, मुरते किती, याचा हिशोब त्यात निघतो. वाहून जाणारं किती हे कळलं की शेततळं किती मोठं पाहिजे ते ठरवता येते.

आपल्या चिकण मातीत शेततळ्याला बऱ्याच ठिकाणी प्लास्टिक लागत नाही, माती फुगून तळ बंद होतो. पण बांध फुटायची भीती असते. चोपण माती पाण्यात विरघळल्यासारखी होते, आतून भगदाड पडते. त्यासाठी अभियंते एक साधी परीक्षा करतात, ती घरीही होते. पावसाचं स्वच्छ पाणी काचेच्या ग्लासात घ्या. मटाराएवढं ढेकूळ हळूच सोडा, हलवू नका. तासाभरात ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरला तर ती माती बांधाला धोक्याची. बोअरचं खारं पाणी घेऊ नका, त्यात ढग होत नाही अन् फसगत होते. अशी माती असेल तर बांधाच्या मातीत जिप्सम मिसळून थर दाबतात, पाणी आत यायच्या-बाहेर जायच्या जागी दगड लावतात.

शेतातल्या चोपण तुकड्यालाही जिप्समच. त्यातला कॅल्शियम सोडियमला हटवतो. पण हटलेला सोडियम वाहून जायला चर पाहिजे, नाहीतर तो तिथंच राहते. मात्रा माती परीक्षणावरून कृषी विद्यापीठ किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारून ठरवा. ओलिताच्या पाण्याचा ईसी ०.७५ पर्यंत चांगला, २.२५ च्या वर धोका. आरएससी १.२५ च्या आत पाहिजे, २.५ च्या वर वापरू नये.

घराच्या छपराचा हिशोब

५०० चौरस फुटाचं टिनाचं छप्पर. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर त्यावर साधारण ३२ हजार लिटर पाणी पडते. गळती अन् पहिल्या पावसाचं सोडून दिलेलं वजा जाता २५ हजार लिटर हाती येते. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला रोज ४० लिटर धरले तर पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांना ९६०० लिटर लागतात. म्हणजे दहा हजार लिटरची झाकलेली टाकी पुरते. पहिले एक-दोन पाऊस सोडून द्यायचे, तोंडाला गाळणी लावायची, जंतूंसाठी क्लोरीन टाकायचं. पावसाच्या पाण्याला टीडीएस जवळजवळ नसतो.

मोठ्या योजना

जळगाव जामोद अन् संग्रामपूर तालुक्यांसाठी वारीच्या वान धरणावरून १४० गाव पाणीपुरवठा योजना आहे. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्प आहे. तापी खोरे मेगा रिचार्ज योजनेचा करार महाराष्ट्र अन् मध्य प्रदेश यांच्यात १० मे २०२५ ला भोपाळला झाला. त्यात एकूण ३१.१३ टीएमसी पाण्याचा विचार आहे अन् बुलढाण्याचं नाव आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्याच गोटे-रेतीच्या थरात पाणी मुरवायची ही कल्पना आहे. पण ती होईपर्यंत लेकरं तहानलेली राहू शकत नाहीत.

येत्या ग्रामसभेत विचारायचे चार प्रश्न

१. आपल्या गावच्या पाण्याचा शेवटचा तपासणी अहवाल कधीचा? नायट्रेट अन् फ्लोराइड किती?
२. आरओचं खारं पाणी कुठं सोडता?
३. शाळा, अंगणवाडीच्या छपराचं पाणी साठवायला टाकी कधी करणार?
४. योजनेचं नळाचं पाणी वर्षातले किती दिवस येते, याची नोंद कोण ठेवते?

उत्तरं प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. नुसती तोंडी उत्तरं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाहीत.