दप्तरातली चिठ्ठी

शाळेत डॉक्टर येणं कालपरवाचं नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्याचे सयाजीराव बडोद्याचे महाराज झाले. त्यांच्या बडोदे शहरात १९०९ साली शाळेतल्या मुलांची आरोग्य तपासणी झाली. भारतातली ती पहिली.

तिकडे अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या शाळांत, डॉक्टर खरूज, गजकर्ण, डोळ्यांचे आजार असलेली मुलं घरी पाठवायचे. पुढं काय करायचं, हे आईला कुणी सांगायचंच नाही. मुलं घरीच राहायची. १९०२ मध्ये लिना रॉजर्स ही नर्स नेमली. ती शाळेत मलमपट्टी करायची, घरोघरी जाऊन आईला समजावायची. वर्षभरात गैरहजेरी खूपच घटली.

आपल्याकडे २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पथकात डॉक्टर असतात, नर्सताईही असते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा तपासणी होते. पुढचे उपचार मोफत.

पण आमच्या गटातल्या एका ताईला लेकीच्या चष्म्याची चिठ्ठी सहा महिन्यांनी सापडली, दप्तर धुताना! फळा दिसत नव्हता, आणि पोर ‘ढ’ ठरली होती.

म्हणून बायांनो, बचतीचा हिशेब झाला की बैठकीत एक विचारायचं: तपासणी झाली का? चिठ्ठी कुठंय?